आप्पांचा मोकळा हात

उन्हाळ्यात केदारखेड्याची दुपार इतकी जड होते, की आपण जागे आहोत की झोपलेले, ते आपलं आपल्याला कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात अशा दुपारी मी माहेरी वडिलांच्या खाटेशी बसून मोबाइलवर इजिप्तच्या एका राजाची कबर बघत असे. आप्पा अंथरुणाला खिळलेले. त्यांचं मन रमावं म्हणून एकदा तो व्हिडिओ लावला, आणि मग रोज तोच हट्ट.

पडद्यावरचं सोनं त्यांच्या गालांवर पिवळं हलायचं. पण सोन्याचं त्यांना काहीच अप्रूप नव्हतं. त्यांचा जीव राजाच्या बारीकसारीक सामानावर. घडीचा पलंग, चपला, काठ्या, दारूचे रांजण, खायला बदकं, सोंगट्यांचा पट.

"एवढं बिऱ्हाड घेऊन कुठं निघाला हा?" ते हसायचे. "कंडक्टर तरी चढू देईल का याला?"

बघता बघता दोघांचाही डोळा लागायचा. मला दिसायचं, राजाच्या लाकडी होड्या पूर्णेच्या कोरड्या पात्रात वाळूवरून सरसर चालल्यात आणि आप्पा काठावर उभे राहून सामान उतरवून घेताहेत. जाग आल्यावर तेही म्हणायचे, "मी नदीवर गेल्तो." मी विचारायची नाही, कुठल्या नदीवर.

एकदा डोळे न उघडताच ते म्हणाले, "आपल्यात बसवून पुरतात. डाव्या हातात लिंग. उजवा मोकळाच ऱ्हातो. त्यात काय देशील मला?"

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग मेल्यावर तळहातावर ठेवतात, तेवढंच सोबत जातं. हे मला ठाऊक होतं, तरी माझं डोकं फिरलं.

"अभद्र बोलू नका. झोपा बरं!" मी खेकसले. माझं हे असंच आहे, भीती वाटली की आधी राग येतो.

"जल्दी न्हाई. इचार कर," ते म्हणाले.

मग मी विचारच करत राहिले. भांडी घासता घासता उठायची आणि घरभर हिंडून त्यांच्या वस्तू हातात घेऊन बघायची. चष्मा, अडकित्ता, बाजाराची पिशवी. एकही पुरेशी वाटेना. त्यांनाच विचारावं, तर ते जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी विचारलं नाही. पावसाळा लागायच्या आधीच ते गेले.

खड्ड्यातल्या कोनाड्यात त्यांना मांडी घालून बसवलं होतं. भोवती बेलाची पानं, कपाळाला विभूती. दुपारची डुलकी लागल्यासारखेच दिसत होते. भावकी नको नको म्हणत असताना मी भावाचा हात धरून खाली उतरले.

"काय ठेवायचं ते ठेवा, बाई," वरून विधी सांगणारे जंगमस्वामी म्हणाले. "मंग माती लोटू."

पदरात चष्मा होता, अडकित्ता होता. मी त्यांच्या उजव्या हातात माझा हात दिला.

थोड्या वेळानं भावानं माझा दंड धरला. आप्पांनी माझा हात धरलेला नव्हता, तरी तो काढून घेताना मला फार जोर लावावा लागला.