चांदनीचा चुकलेला बूट

...आणि हो, कालच्या फोटोतला तो चामड्याचा विचित्र डबा म्हणजे घोड्याचा बूट आहे.
फ्लॉवरपॉट नाही, गाईज.

तो शिवणारा माणूस आज सकाळी गेला.
माझे अज्जा, म्हणजे आजोबा.

राजाजीनगरातले जुने लोक त्यांना टेलर अण्णा म्हणायचे. कोट, पँट, सफारी. आयुष्यभर माणसांचेच कपडे शिवले.
एक गिऱ्हाईक सोडून.

तुम्हाला माहितीये, मी वीकेंडला देवनहळ्ळीजवळ एका तबेल्यात जाते. तिथले घोडे बेअरफुट, म्हणजे नाल न ठोकलेले. खडीवर नेताना त्यांना हूफ बूट घालतो. मागच्या वर्षी मी घरी फुल एक्साइट होऊन लेक्चर देत होते, किती मॉडर्न आयडिया आहे वगैरे.

अज्जा कॉफी पीत होते.
"स्वल्प थांब. हे मी केलंय. तुझा बाप जन्मायच्या आधी."

तेव्हा अज्जा अठ्ठावीसचे. दुकान नवीन. समोर बाबूसाब आपला जटका लावायचे. एका घोड्याची गाडी, टांग्यासारखी. यशवंतपूर स्टेशन ते राजाजीनगर, दिवसभर.
घोडीचं नाव चांदनी. अज्जांच्या मते गल्लीतली सगळ्यात शहाणी.

वर्षानुवर्षं खिळे ठोकून ठोकून चांदनीचे पुढचे खूर फुटले. नालबंदानं हात वर केले. नवीन खिळ्याला जागाच नाही. नवा खूर वाढायला वर्ष लागणार, आणि तोवर नालेशिवाय डांबरी रस्त्यावर चालवली तर लंगडणार.

न चालणारी घोडी जटकावाला किती दिवस ठेवणार?
दलाल दोनदा बघून गेला होता. तो घोड्या कुठे नेतो, ते सगळ्यांना माहीत होतं.

बाबूसाब अज्जांच्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "नक्को अण्णा. सात साल से मेरेकू येइच रोटी खिलारी. कैसा देऊँ?"

अज्जा म्हणाले, "थांबा थोडे दिवस. हिला बूट शिवतो."

अख्खी गल्ली हसली.
"अण्णा, टाय पण शिवा!"

तळाला लॉरीचं जुनं टायर. वर कॅनव्हास आणि चामडं. बकल. नालबंद घेतो तसा चांदनीचा पाय वाकवून मांडीवर घेतला आणि टेपनं माप घेतलं.
बूट मस्त बसले. चांदनी स्टेशनला गेली आणि न लंगडता परत आली.

तिसऱ्या दिवशी बाबूसाब बूट हातात घेऊन आले.
आत रक्त होतं. मागे, खुराच्या वरची कातडी सोलून निघाली होती.

"ओरडले असते तर बरं झालं असतं ग," अज्जा मला म्हणाले. "नुसते बूट टेबलावर ठेवले आणि गेले."

दलाल शुक्रवारी परत येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जाडे वकील आले. स्टुलावर बसले ते उठेनात.
"असंच घ्या हो माप, कंबर धरलीये."
अज्जा सवयीनं म्हणाले, "उभे राहा सर. बसलेल्या माणसाचं माप चुकतं."

आणि तिथेच थांबले.
पाय मांडीवर घेऊन माप! म्हणजे त्यांनी चांदनीचं माप बसवून घेतलं होतं!!

वकिलांना तसंच स्टुलावर सोडून अज्जा टेप घेऊन समोर पळाले. चांदनी चारही पायांवर उभी होती. पायावर अंगाचा भार आला की खुराची मागची बाजू पसरते.
आधीचं माप बोटभर कमी पडलं होतं.

या वेळी आधी नुसती कच्ची शिलाई. पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके, सुटाला घालतात तसे. मग गल्लीत ट्रायल. मग उसवलं, परत ट्रायल. आत कोटाच्या उरलेल्या लोकरी कापडाचं अस्तर.

शुक्रवारी दलाल आला.
बाबूसाब म्हणाले, "घोडी घर में नै. ट्रायल कू गई."

(हे सांगताना अज्जांना इतकं हसू आलं की कॉफी सांडली.)

जखम भरली. वर्षभरात खूरही नवा आला. मधे तीनदा तळ बदलले. चांदनी त्यानंतर किती वर्षं स्टेशनच्या फेऱ्या मारत होती, अज्जांना मोजता आलं नाही.

मी कपाटातून तो बूट काढला. "मग हाच तो?"

"नाही. ते रस्त्यावर झिजून गेले. हा पहिला. आत बघ."
आत काळा डाग होता.

कपाटातली ती वस्तू नक्की काय आहे हे माहीत नसूनही मला लहानपणापासून ती अज्जांची ट्रॉफी वाटायची.

"मग हा का ठेवलात?"
"बरोबर शिवलेलं गिऱ्हाईक घेऊन जातं. चुकलेलं आपल्याकडेच राहतं." मग म्हणाले, "सरी, बरं, आता तुझ्या घोड्याचं माप कसं घेतेस ते दाखव."

मी पण पाय मांडीवर घेऊनच घेत होते.

अज्जा, आता उभ्या घोड्याचंच माप घेते. नीट जा. तिकडे बाबूसाब भेटतीलच, आणि चांदनीपण.

उद्या हॉलमध्ये त्यांचा फोटो ठेवायचाय. अप्पा, म्हणजे माझे बाबा, म्हणतात शेजारी त्यांची कात्री ठेवू, आलेल्या लोकांना माणसाची चूक कशाला दाखवायची.
मला तो बूट ठेवायचाय.

तुम्ही असता तर काय ठेवलं असतं?