नारळडोक्याचं जनावर

दादाने मुंबईहून रद्दीतलं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यातल्या एका डायनोसॉरवर आमचा भारी जीव. पाला खाणारं जनावर, पण डोकं बघाल तर सोललेल्या नारळासारखं वर फुगलेलं. कवटी म्हणे वीतभर जाड, आणि टकरा देत झुंजायचं. नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला नारळ्या म्हणायचो. दादाचं कपाळही तसंच पुढे आलेलं. मग काय, तोही नारळ्या! चिडायचा नाही, उलट मिरवायचा.

मुंबई सोडून तो आमच्या गावाजवळ बिरवाडीला एका कारखान्यात लागणार होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. पोरगा एकदाचा घरी राहणार म्हणून आई नुसती हरखली होती.

त्याआधी आली नारळी पौर्णिमा. त्या दिवशी आमच्याकडे देवळापुढे नारळ लढवतात. एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. दादाच्या नारळाने सगळ्यांचे फोडले. वरच्या वाडीतला एक आडदांड गडी पेटला. "आत राळ भरून नारळाचा दगड केलाय ह्याने. लबाड हाय हा!"

लबाड म्हटलेलं दादाला खपतंय होय! त्याने थोबाडीत दिली. गड्याने पोटात लाथ घातली. लोक सोडवायला धावले, तर त्यांनाच ढकलून दादा कपाळ पुढे करून ओरडला, "राळ नाय रे! हाण तुझा नारळ हितं! पुस्तकातल्या जनावराची कवटी हाय माझी!"

आणि त्या मेल्याने हाणला. नारळ फुटला. दादाचं कपाळही फुटलं. नारळाचं पाणी आणि रक्त एकदमच त्याच्या डोळ्यांत उतरलं. मी गड्याच्या मनगटाला असा चावा घेतला की तोंडात रक्ताची चव आली. बायकांनी केस ओढून मला सोडवलं. पश्चात्ताप? छे! आजही समोर आला तर दुसरं मनगट धरीन.

महाडच्या दवाखान्यात दादा वाचला. कारखाना राहिला. पोरगा मात्र कायमचा घरी राहिला, आईला हवा होता तसा. ओटीवर बसून असायचा. माणसं ओळखायचा, पण घास हातात घेऊन तो तोंडात घालायचं विसरायचा. मी पुस्तक चुलीत घालायला निघाले, तर तान्ह्या पोरासारखा रडला.

एकदा मी त्याला भात भरवत होते. नारळ्याच्या चित्रावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हा पालाच खायचा ना गो?"

"हो रे दादा."

"मग मारामारी कशापायी करायचा?"

मला रडू आवरेना. त्या गड्याला शिव्या घालत मी पुढचा घास कालवला.