आधी तुकडे कर, मग जोर दे!

दवाखान्यात सुया मोजून ठेवतात, किस्से कोण मोजतं? ते साचत जातात. बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही सांगलीतल्या काही नर्सेस डच शिकायला लागलो, तेव्हाचे तर पोतंभर आहेत! हॉलंडहून येणाऱ्या साहेबांनी तोंडी परीक्षेत पास केलं, तरच तिकडे नोकरी.

* * *

पहिल्याच दिवशी आमच्या डच सिस्टरनी एक शब्द लिहिला. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! अर्थ काय, तर दवाखान्यातलं औषधांचं दुकान. सिस्टरनी खडूनं तुकडे पाडले: झीकन, हाउस, आपोतेक. जोर पहिल्यावर.

आष्ट्याची शालन वाघमारे म्हणाली, "आवं सिस्टर, ही तर मालगाडी हाय! इंजिन पुढं, डबं मागं!"

मी दुसऱ्याच शब्दाला हात टेकले. शालननं मात्र पदर खोचला.

* * *

तिचा जोर नेमका शेवटच्या तुकड्यावर पडायचा. तिचे वडील रिटायर्ड हवालदार. "जीभ ऐकत न्हाई? मग पायाला शिकीव!" म्हणाले आणि अंगणात परेड सुरू! 'ब्लुट'ला डावा पाय दाणकन, 'ड्रुकमेटर'ला हलकी पावलं.

शेजारीण म्हणाली, "पोरीला पलटणीत घालताय व्हय?"

"न्हाई, हॉलंडला!"

* * *

ब्लुटड्रुकमेटर म्हणजे ब्लडप्रेशरचं यंत्र. शालन वॉर्डातही तेच घोकायची. मेढ्याच्या एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि हिचं सुरू झालं. प्रेशर भराभर चढलं!

आजोबा रडवेले झाले. "बाई, मला काय झालंय ते मराठीत सांग गं!"

* * *

परीक्षेला शालन आत, आम्ही दाराशी. तिनं एकामागून एक शब्द असे म्हटले, की सिस्टरांचे डोळे भरून आले. साहेब खूश! त्यांनी पेन उघडलं आणि कागदावरचं नाव वाचलं, "शालन वाख्मर."

"वाघमारे," शालन म्हणाली.

"वाखमारं."

"न्हाई. तोडून म्हणा. वाघ. मारे."

सही व्हायची होती अजून! मी दारातून कुजबुजले, "अगं, जाऊ दे की! नोकरी घालवशील!"

"गेली तर गेली! माझ्या बापाचं नाव हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते खुर्चीतून उठले, कोटाचं बटण लावलं आणि सावकाश म्हणाले, "वाघ... मारे. वाघमारे!"

"हां," शालन म्हणाली. "आता करा सही."