चौथ्या कोपऱ्याचं फूल

आई गेल्यावर तिची तीन लुगडी पोलादपूरजवळच्या कापडे गावी, भावाच्या घरी ट्रंकेत पडून होती. वहिनी ती भांडीवालीला द्यायला निघाली, तेव्हा मी ठरवलं, यांची गोधडी यल्लापूरच्या सिद्दी बायकांकडून शिवून घ्यायची. ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांनी जंगलात वसवलेल्या वस्त्यांबद्दल वाचताना कळलं होतं, की असं शेजारच्या कर्नाटकातही घडलंय. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम पळून घाटाच्या रानात शिरले आणि तिथेच राहिले; तेच हे सिद्दी, आणि त्यांच्या बायका गोधड्या शिवतात. महाडच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. सिद्दी म्हणजे जंजिरा, एवढंच मुलांना सांगितलं.

कारवारच्या मैत्रिणीमार्फत लुगडी दोन महिने आधी पाठवली आणि गोधडी आणायला स्वतः निघाले.

पोलादपूरहून बसने खेड, तिथून रेल्वेने कारवार. दुसऱ्या सकाळी बसने यल्लापूर. वाटेत घाट आहे. आंबेनळी घाटात ज्यांना बस लागते त्यांनी खिडकी धरावी. लॉज सातशेत मिळालं, गरम पाणी फक्त सकाळी. वस्तीपर्यंत रिक्षा करावी लागते.

"नाच बघायचाय ना मॅडम? सांगितलं की ढोल काढतात," रिक्षावाला म्हणाला.

"गोधडी न्यायची आहे," मी म्हटलं. त्याने रिक्षा सुरू केली.

मरियाबाय सत्तरीची. अंगणात पाय पसरून माझीच गोधडी शिवत होती. तिची कोकणी मला कळत होती, इथे मराठीत देते. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाहेरचे आमच्याकडचं पीत नव्हते."

मी प्यायले. माझ्यासारख्या महाडच्या बौद्धवाडीतल्या बाईला यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

कोपऱ्यांची फुलं सोडली तर गोधडी पूर्ण होती. दोन कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं बसली होती, दोन कोपरे रिकामे होते. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"राहू द्या ते दोन," मी म्हटलं.

तिने गोधडी मांडीखाली ओढली. "नागडी देऊ? आईची आहे ना?"

शेजारी बसलेली तिची सून हसली. "दुकानवाले सांगतात, फुलं नको, साधी दे, लवकर दे. त्यांनाही ही रिकाम्या हाती पाठवते."

रिक्षा मी परत पाठवली. तिसरं फूल झालं आणि कापड संपलं. "तीन पुरेत," मी पुन्हा म्हटलं. मरियाबायने आत जाऊन स्वतःचं जुनं लुगडं आणलं आणि पदराचा तुकडा टर्रकन फाडला.

"आमची माणसं रानात आली, तेव्हा अंगावर होतं तेवढंच कापड," ती म्हणाली. "बघत काय बसलीस? दोरा ओव."

आयुष्यभर मी हुकूम सोडले. त्या दिवशी मुकाट्याने दोरा ओवला.

निवृत्तीनंतर शाळेत परत जाऊन सिद्दींचा तो धडा दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे लिहिला.

कापड्याला परतल्यावर वहिनीने गोधडी पसरली, चारी कोपरे चाचपले. "वन्स, ह्यो तुकडा सासूबाईंचा नाय."

"नाही. मरियाबायचा आहे."

"मग उसवायचा हाय काय?"

"हात लावू नकोस."

तिने गोधडीची घडी घातली, ते फूल वर राहील अशी.