हाताकडे बघा

माझा नवरा जादूगार आहे. लोक हल्ली 'होता' म्हणतात आणि मी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करते.

दिवसा तो चष्म्याच्या दुकानात असतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मुंगीएवढे स्क्रू पिळायचे, कुणी अंगाखाली घेऊन वाकवलेल्या काड्या सरळ करायच्या. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खेळ. वाढदिवस, शाळा, कारखान्यांची संमेलनं, बोलावतील तिथे. मी त्याची बायको आणि मदतनीसही. पगार दोन्हीचा मिळत नाही, बोलणी मात्र दोन्हीची खाते.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक नियम होता. तो आरशासमोर सरावाला उभा राहिला की त्याच्या हाताकडे बघायचं नाही, तो जिकडे बघेल तिकडे बघायचं. जादूचा सगळा धंदा यावरच चालतो. जादूगाराची नजर डावीकडे गेली की बघणाऱ्याची पण तिकडे जाते, आणि उजव्या हाताला हवं ते करायला मोकळं रान मिळतं. आम्ही मायलेकी त्याचे फुकटचे प्रेक्षक. लेक तर इतकी तयार झाली होती की जेवतानासुद्धा बापाच्या हाताकडे बघायची नाही.

हात मात्र खरंच देखणा चालायचा. तरी मला त्याच्या खेळात काहीतरी कमी वाटायचं, आणि मनात ठेवायची मला सवय नाही. एकदा डबे भरायच्या कारखान्यात खेळ झाला. संपल्यावर तिथली मुकादमीण कौतुक करायला आली आणि जाता जाता म्हणाली, हात फार हुशार आहेत हो तुमचे, पण आम्ही त्याचं काय करायचं? तो आठवडाभर घुमा होऊन बसला. मी म्हटलं, बाई काही खोटं बोलली नाही. तू हुशार आहेस हे कळून लोकांच्या पदरात काय पडतं? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, जादू म्हणजे सफाई, बाकी सगळी बडबड. आमचं भांडण वर्षानुवर्षं इथपर्यंत यायचं आणि मग कुणीतरी चहा टाकायचं.

मग सफाईच गेली.

गेली तेव्हा मला कळलंही नाही, आणि याचा राग मला अजून आहे. त्या दिवसांत त्याच्या उजव्या हातात सतत काहीतरी असायचं. नाणं, किल्ली, पत्त्यांचा जोड, काहीच नसलं तर रुमाल. कप डाव्या हाताने उचलायचा. मला वाटलं, नवीन खेळ बसवतोय, आणि मी मनातून खूशही होते. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोला पहिल्या आठवड्यात पत्ता लागला असता. पण मी जादूगाराची बायको. नवऱ्याच्या हाताकडे न बघायची मला सवय लागलेली, आणि तिचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला.

उघडकीला आलं ते एका पातेल्यामुळे. सुट्टीच्या दुपारी माझ्या हातून ते निसटलं आणि फरशीवर दणदणत गेलं. त्याने आणि लेकीने पातेल्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं, कारण असं झालं की तो काहीतरी खोचक बोलतोच. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता. रिकामा, आणि आपला आपण हलत होता. अंगठा बोटावर फिरत होता, कणीक चोळून काढावी तसा.

पातेलं तिथेच राहिलं. कधीपासून, मी विचारलं. वर्ष होत आलं, तो म्हणाला.

"मला काय तिकीट काढून बसलेली बाई समजलास?"

त्याने मान खाली घातली. मी रडले, वाट्टेल ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी कमी होईल, पण जायचा नाही. दुकानाच्या मालकाने त्याला स्क्रूंवरून उठवून काउंटरवर बसवलं. माणूस भला, दुसरा असता तर घरी बसवला असता. आमच्या या शहाण्याने मात्र खेळाची पेटी माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

तेवढ्यात मोठे दीर आले. याला लहानपणी पहिलं नाणं लपवायला शिकवलं ते त्यांनीच, आणि आता ते शहरातल्या जादूगार मंडळाचे अध्यक्ष. वार्षिक संमेलनात याचा सत्कार करायचा असं मंडळात ठरलं होतं. त्याला द्यायच्या फलकावरचा मजकूर ते वाचून दाखवायला लागले, त्यात 'निवृत्तीनिमित्त' हा शब्द आला. लोकांच्या मनात तुझं नाव चांगलं आहे ते तसंच राहू दे, म्हणाले, उगाच हात दाखवून अवलक्षण नको. हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे मला त्यांच्यावर धड चिडताही येईना. जिवंत माणसाची शोकसभा भरवायला निघाले होते, आणि तीही मायेपोटी. हा नुसता मान हलवत होता. आता हो म्हणणार हे मला दिसत होतं. एकदा हो म्हणाला की काउंटरवर पावत्या फाडत म्हातारा होणार, आणि तोवर आमच्याशी एक शब्द बोलणार नाही, हेही दिसत होतं.

"सत्कार करा, भाऊजी," मी म्हटलं. "पण आधी त्याचा खेळ होईल."

दिरांनी याच्याकडे बघितलं, याने माझ्याकडे. दीर गेल्यावर आमचं जे जुंपलं ते सगळ्या मजल्याने ऐकलं असणार. ऐकू दे. चमचा तोंडापर्यंत जाईना आणि नाणं कुठून लपवू, असं त्याचं म्हणणं. मी शेजाऱ्यांकडे जाऊन शिडी परत मागून आणली.

आधी त्याने झाकायची वाट धरली. लांब बाह्यांचा कोट काढला, आपोआप चालणाऱ्या कळीच्या पेट्या काढल्या. सगळं चोरून खाणाऱ्या माणसासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, पुरे. वर्षभर तू माझ्यापासून हा हात लपवलास, तो तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खेळ झाला, आणि त्यातून कुणाचंही भलं झालं नाही. आता तोच हात पुढे कर.

"आयुष्यभर एवढंच शिकलो मी," तो म्हणाला, "की हाताकडे कुणाला बघू द्यायचं नाही."

"मग आता बघू दे."

तिसऱ्या दिवशी आपणहून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला. एकच नाणं आणि एकच खेळ, बाकी काही नाही. नाणं पडायचं, कपाटाखाली जायचं, लेक झाडूच्या दांड्याने बाहेर काढायची. आम्ही तिघांनी मिळून एक ठरवलं. पडलं की उचलायचं. त्यावर विनोद करायचा नाही, माफी मागायची नाही, घाईसुद्धा करायची नाही.

संमेलनाला सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत सगळे जादूगार, मागे त्यांची घरची माणसं आणि तिकीट काढून आलेले लोक. दिरांनी जाहीर केलं की सत्काराआधी आमचे बंधू निरोपाचे दोन शब्द बोलतील. हा माईकशी गेला.

"अध्यक्ष झाल्यापासून दादाला जरा कमी ऐकू येतं," तो म्हणाला. "मी खेळ करायला आलोय."

लोक हसले. मग त्याने उजवा हात वर केला आणि तो हलताना सगळ्यांना दिसला, तसं हसू विरलं. "हाताकडे बघा," तो म्हणाला. "पोटभर बघा." मधल्या रांगेतल्या एका बाईला त्याने वर बोलावलं. चाळिशीची, साधी, आमच्या कुणाच्याही ओळखीची नाही. हा थांबवून बघा, म्हणाला. तिने दोन्ही हातांनी त्याचा हात घट्ट धरला. हात तिच्या हातांसकट हलत राहिला.

"नाही ना थांबत? मलाही नाही थांबत. वर्षभर मी हा बायकोपासूनसुद्धा लपवला. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, जे तुम्ही झाकून ठेवलंय. मला सांगू नका. मुठीत धरा."

आधी कुणी हललं नाही. मग इथे एक मूठ, तिथे एक, होता होता सगळ्या सभागृहाने मुठी मिटल्या. पहिल्या रांगेने सगळ्यात शेवटी.

त्याने नाणं काढलं आणि ते पडलं. लाकडी फळ्यांवरून गडगडत कडेला गेलं. आमच्या धंद्यात कुणाचा खेळ फसला की बाकीचे खाली बघतात, तेवढी रीत आहे. पहिल्या रांगेने माना खाली घातल्या आणि दीर उठून उभे राहिले. मी विंगेत पडदा मुठीत धरून उभी होते. धावत जाऊन नाणं उचलून द्यावं असं शंभर वेळा वाटलं. गेले नाही.

तो वाकला. पहिल्यांदा ते बोटांत आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं.

"माना वर करा, मंडळी," तो म्हणाला. "अजून संपलेलं नाही."

बाईला त्याने मूठ मिटायला सांगितली, स्वतःची मिटली. दोन मुठी समोरासमोर, एक स्थिर आणि एक हलणारी. मग त्याने आपली उघडली. रिकामा तळवा, तसाच हलत. बाईने आपली उघडली, आणि नाणं तिच्या हातात होतं. कसं ते विचारू नका. मी बायको आहे, चहाडखोर नाही.

टाळ्या इथे यायला हव्या होत्या. बाई नाण्याकडे बघत राहिली आणि मग बोलली. आवाज हळू होता, पण माईक जवळ असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"माझ्या वडिलांचा हात असाच होता. पाहुणे आले की आम्ही त्यांना आतल्या खोलीत बसवायचो." मग तिने विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटली इथे यायला?"

"वाटली," तो म्हणाला. "आत्ताही वाटतेय. पण घरी बसून ती काही कमी होत नव्हती."

एकही टाळी नाही. म्हटलं, गेलं सगळं, आणि आपणच त्याला पुढे ढकललं. मग मी सभागृहाकडे नीट बघितलं. कुणाच्या मुठी मांडीवर होत्या, कुणाच्या छातीशी. पहिल्या रांगेतले ते सगळे मुरलेले, ज्यांना नाणं कुठून कुठे गेलं ते नक्की ठाऊक होतं, त्यांच्याही मिटलेल्याच. त्याने उघडा म्हणून सांगितलं नव्हतं, आणि टाळी वाजवायला हात मोकळे लागतात.

दीर मंचावर आले होते. फलक काखेत, उजवी मूठ मिटलेली.

"दादा, फलक घरी घेऊन जा," माझा नवरा म्हणाला. "पुढच्या महिन्यात माझा खेळ आहे."

दिरांनी वाकून फलक खाली ठेवला, डाव्या हाताने. मूठ उघडली नाही.