मेजरची नावडती खेळाडू

नाथाजी कोंडीबा जमदाडे फौजेतनं हवालदार म्हणून परत आला. पण आमच्याकडं फौजेतनं आलेला माणूस एस.टी.तनं उतरतानाच मेजर होतो, तसा तोही झाला. गाव पलूसच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण गावातली माणसं असलं काही वाचतात आणि मग घरी येतात.

नोकरीतली शेवटची चार वर्षं मेजरनं साहेब लोकांच्या टेनिस कोर्टावर काढली. रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी ताणायची. रॅकेट एकदाही हातात घेतली नाही. तरी टेनिसमधलं आपल्याएवढं कळणारा माणूस सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. त्यात खोटंही काही नव्हतं म्हणा, कारण दुसरं कुणी बघतच नव्हतं.

बघायचा तोसुद्धा फक्त बायकांचं. "पुरुषांचं टेनिस म्हंजे नुसती धोपटाधोपटी," तो म्हणायचा. "बाई डोक्यानं खेळती. बाईच्या डोक्याला तोड न्हाई." आणि हे म्हणताना टीव्हीवरची नजर न काढता रिकामा कप बाजूला धरायचा. तो कप अंबूबाई घेऊन जायची. अंबूबाई म्हणजे त्याची बायको, छत्तीस वर्षांची. लग्नाला छत्तीस म्हणतोय मी, वयानं साठीला टेकलेली.

स्टेफी ग्राफनं रॅकेट ठेवली त्या दिवशी टेनिस संपलं, असं मेजरनं जाहीर केलं होतं. त्यानंतर पंचवीस वर्षं तो ते संपलेलं टेनिस रोज बघत होता. अमेरिकेतली स्पर्धा मात्र त्याला मान्य नव्हती, कारण ती आपल्याकडं झोपायच्या वेळेला असते, आणि ज्यांना आपल्या झोपेची कदर नाही त्यांची कदर मेजर करत नसे.

खतविक्रेत्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं यादी केली होती. खेळाडूंची खरी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं स्वतःच बारसं घातलं. सगळ्यात वर 'डावरी'. ही चेक देशाची. पॉइंट जिंकला तरी तोंडावरची माशी हलायची नाही, हरला तरी नाही. तिच्याखाली 'घसरती', म्हणजे लाल मातीवर दोन्ही पाय फाकून सरकणारी. मग 'आरडी', जी प्रत्येक फटक्याला अशी किंचाळायची की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. ही मेजरला आधी आवडत नसे. म्हशीचं दूध कमी झालं नाही हे बघून त्यानं तिला दोन ओळी वर घेतलं. त्याखाली चेंडू सतरा वेळा आपटल्याशिवाय सर्व्हिस न करणारी. आणि सगळ्यात तळाला, लाल पेननं, 'वळूनबघी'.

वळूनबघीचा गुन्हा एकच. पॉइंट झाला की ती मान वळवून बघायची. तिथं तिचा बाप बसलेला, तोच कोच. बाप बोट हलवायचा, टोपी सारखी करायचा, तोंडावर हात धरून काहीबाही सांगायचा. पूर्वी हे चोरून चालायचं, आता तर नियमानंच मोकळीक झालेली. मेजरला ते खपायचं नाही.

"अगं भवाने, रॅकेट तुझ्या हातात हाय न्हवं? मग त्या म्हाताऱ्याकडं काय बघतीस?" तो टीव्हीवर ओरडायचा. "आणि त्यो बापबी बघ. पोरीला जरा मोकळी सोडंल तर शपथ!" शेजारी बसलेला बाहुबलीअण्णा, ज्याच्या दुकानाचं ते कॅलेंडर होतं, मान डोलवायचा. अण्णाला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याच्या घरातल्या टीव्हीवर सुनेच्या मालिका असायच्या.

असो. तर झालं काय, की गेल्या निवडणुकीत सरपंचपद बायकांना राखीव निघालं. मेजरला केवढा आनंद! घरी न विचारताच त्यानं अंबूबाईचा अर्ज भरला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मेजरचा फोटो मिशीसकट दोन हात रुंद, आणि खालच्या कोपऱ्यात पासपोर्टएवढी अंबूबाई. निवडून मात्र ती आली, आणि दणकून आली. घरोघर ती एकटी फिरली होती. मेजर पारावर बसून व्यूहरचना करत होता.

मळ्याच्या वस्तीवरच्या बायकांना तिनं एकच शब्द दिला होता, पाणंद मोकळी करून देईन. वस्तीकडं जाणारी ही पाणंद एके काळी दोन बैलगाड्या जातील एवढी रुंद होती. आता दोन्ही बाजूंच्या उसानं तिला पार आवळून टाकलेलं. मागच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या शालूबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा ॲम्ब्युलन्स डांबरीवरच उभी राहिली, आणि चार बाप्यांनी त्या पोरीला झोळीत घालून गुडघाभर चिखलातनं आणली. अंबूबाई त्या झोळीबरोबर चालली होती. हे तिच्या डोक्यातनं जात नव्हतं.

सरपंच झाल्यावर पहिल्याच दिवशी पंचायतीत तिच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली. खुर्ची मेजरनं घरनं आणली होती. लोक यायचे, नमस्कार अंबूबाईला करायचे आणि काम मेजरला सांगायचे. बैठकीत बाकीचे सदस्य असले की मेजरला थेट बोलता येत नसे, म्हणून त्यानं खुणा ठरवल्या. मिशीवरनं बोट फिरवलं की होय. टोपी सारखी केली की नाही. खोकला आला की विषय पुढच्या सभेत. अंबूबाई मान वळवून बघायची आणि तसं सांगायची. सहा महिने असं बिनबोभाट चाललं. "हिला काय कळतंय, मी हाय म्हणून निभावतंय," असं मेजर अण्णाला सांगायचा, आणि लगेच टीव्ही लावून बाईच्या डोक्याला तोड नाही म्हणायचा. दोन्ही एकाच श्वासात म्हणताना त्याला ठसकासुद्धा लागत नसे!

जुलैत विम्बल्डन आलं. एका दुपारी वळूनबघीची मॅच होती आणि मेजर तिच्यावर नुसता पेटला होता. अंबूबाई खाली बसून शेंगा फोडत होती. मेजरनं तावातावानं टीव्ही बंद केला, तशी ती म्हणाली, "आवं, एक इचारू?"

"इचार की."

"ती तिच्या बापाकडं बघती म्हून तुमी टीव्ही बंद करता. मी पंचायतीत तुमच्याकडं बघती. मग माझं काय बंद करायचं?"

अण्णा एकदम कॅलेंडर वाचायला लागला. मेजरनं मिशीवर हात नेला, मग ती आपली खूण आहे हे लक्षात येऊन तो खाली घेतला. "ते येगळं," तो म्हणाला.

"कसं वं?"

"त्यो खेळ हाय. ही पंचायत हाय. हितं माणसं फसवत्यात."

अंबूबाई शेंगा फोडत राहिली.

याच आठवड्यात पाणंदीची मोजणी होऊन आली. अतिक्रमण करणाऱ्यांची अकरा नावं निघाली. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नावं वाचायची, प्रत्येकाकडनं कबुली घ्यायची आणि उभ्या उसात जेसीबी घालायचा, असं ठरलं. यादीतलं पहिलं नाव खुद्द मेजरचं होतं. रिटायर झाल्यापासून दर लावणीला वीतभर तो पाणंदीत सरकला होता, फौजेच्या शिस्तीत, न चुकता. सगळं मिळून सहा फूट.

"ह्यो इषय पुढं ढकल," मेजरनं घरात फर्मावलं. "मोजणी चुकलीया म्हणायचं. मी खोकतो तवा सांग."

"सहा फूट हायत का न्हाईत?" अंबूबाईनं विचारलं.

"फुटाचा प्रश्न न्हाई. माझ्याच बायकोनं माझ्यावर जेसीबी घातला तर गावात तोंड कसं दावू? मिशी उतरवून फिरू व्हय?"

त्यावरही ती काही बोलली नाही. आता छत्तीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला ह्या गप्प बसण्याचा अर्थ कळायला हवा होता. पण मेजरचं लक्ष डावरीच्या सेमीफायनलकडं होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. अंबूबाई टेबलाच्या मधोमध, तिच्या डाव्या हाताला ग्रामसेवक दिग्विजय, उजव्या हाताला मेजरची ती घरची खुर्ची. मेजर खुर्चीकडं निघाला तेवढ्यात अंबूबाईनं वस्तीवरच्या शालूबाईला हाक मारली, "मावशी, तुमचं गुडघं दुखत्यात, हितं बसा." शालूबाई बसली. सगळ्या गावादेखत म्हातारीला उठवायचं कसं? मेजर पहिल्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसला, अण्णाच्या मांडीला मांडी लावून.

चौथा विषय पाणंदीचा. दिग्विजयनं तो पुकारला आणि मेजर खोकला. अंबूबाई कागद बघत होती. मेजर पुन्हा खोकला, जरा दमदार. मग तिसऱ्यांदा असा खोकला, की मागनं कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं पाठवला. मेजरनं टोपी सारखी केली, काढली, झटकली, परत घातली. अंबूबाईनं चष्मा लावला. मान काही वळली नाही.

"पाणंद सोळा फूट हाय. ती मोकळी करायची हाय," ती म्हणाली. "ज्यांचं ज्यांचं नाव यील त्यांनी उठून मान्य हाय का न्हाई ते सांगायचं. न्हाई म्हणायचं आसंल तर झोळी उचलाय यायचं."

मागच्या रांगेतली चार-पाच माणसं, जी भांडायची तयारी करून आली होती, एकमेकांकडं बघायला लागली. पुढं काय आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पहिलं नाव मेजरचं, आणि ते वाचणार मेजरची बायको. आमच्याकडं त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशन दुकानात नाव विचारलं तर शेजारणीला सांगायला लावतात. हिथंच गाडं अडणार, असा मागच्या रांगेचा हिशोब होता.

दिग्विजय भला पोरगा. तो पुढं वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, पहिलं नाव मी वाचतो. बाकीची तुम्ही वाचा."

"का? मला वाचता येत न्हाई व्हय?"

"तसं नव्हे... "

"अगं, उखाण्यात घे की!" शालूबाई खुर्चीतनं ओरडली, आणि सगळी सभा खदाखदा हसली. अण्णासुद्धा हसला. मेजरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रागानं नव्हे, लाजेनं. साठी ओलांडलेला, मिशा पिळलेला बाप्या सगळ्या गावात नव्या नवरीसारखा खाली बघत होता.

अंबूबाई हसली नाही. तिनं कागद दोन्ही हातांनी समोर धरला.

"नाथाजी कोंडीबा जमदाडे," ती म्हणाली. खणखणीत. "सहा फूट."

कुणी हसलं नाही. नाव हाजिरीसारखं पुकारलं गेलं होतं, त्यामुळं मेजरचे पाय आपसूक उठले, टाचा जुळल्या.

"हजर!"

"हजर नगं," अंबूबाई म्हणाली. "मान्य हाय का?"

मेजरचं तोंड उघडलं. मोजणी चुकल्याचं अख्खं भाषण त्याच्या जिभेवर तयार होतं, दोन दिवस पाठ केलेलं.

"मान्य," तो म्हणाला.

"लिवून घ्या," ती दिग्विजयला म्हणाली आणि दुसरं नाव वाचलं. दुसराही उठला आणि मान्य म्हणाला. तिसऱ्यानंही तेच केलं. खुद्द नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी झालेल्या बाईपुढं बोलायचं काय, ते मागच्या रांगेला सुचलंच नाही.

मेजर खाली बसला. अण्णानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लय लागलं काय रं, मेजर? सहा फूट गेलं."

मेजर कुठंतरी भलतीकडंच बघत होता. "अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "तिनं माझं नाव घेतलं रं."

"आरं, पर अतिक्रमणाच्या यादीत!"

"आसंना का," मेजर म्हणाला. "छत्तीस वर्सं झाली. मला वाटलं हुतं, तिला ठावंच न्हाई."