मागची अक्षरं

दापोड्याच्या त्या कारागिराचं नाव मी विचारलंच नाही. आम्ही जुनी घेतलेली गाडी मागचा कॅमेरा बसवायला त्याच्याकडे नेली होती. "टॉप मॉडेल आहे," बाबांनी मागची चकचकीत अक्षरं अभिमानाने दाखवली. त्याने मान डोलावली, पण सामान मागवण्याआधी चेसिस नंबर फडक्याने पुसून वाचला, डिकीचं अस्तर उघडून वायरी चाचपल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, साधं मॉडेल हाय. अक्षरं मागाहून चिकटवलीत. त्याच हिशोबानं सामान मागवतो."

विकणाऱ्याचा मला असा राग आला! तेवढ्यात बाबांनी विचारलं, "बसेल ना कॅमेरा?"

"झकास बसंल, काका," तो म्हणाला, आणि सामान मागवायला आत जाता जाता त्याने ती खोटी अक्षरं फडक्याने पुसून लख्ख केली.